आधी दप्तर, मग पाऊस : बडतर्फ पोलिसाची रहस्यकादंबरी कुठल्या क्रमाने लिहावी

नौपाड्यात आमची शनिवारची बैठक असते. तिथे रहस्यकादंबऱ्यांची जी बाडं येतात, त्यांतली बरीचशी एकाच ठिकाणी सुरू होतात आणि एकाच ठिकाणी अडकतात. सुरुवातीला पाऊस. घोडबंदर रोडवरच्या इमारतीचा नववा मजला, हातात ग्लास, बायको माहेरी निघून गेलेली आणि खात्याने हाकललेला एक निरीक्षक. चाळीस पानं झकास जातात. मग दाराची बेल वाजते, वीस वर्षांपूर्वीचा न उलगडलेला खून समोर येतो आणि सातव्या-आठव्या प्रकरणात लेखकाचा हात थांबतो. विचारलं तर म्हणतो, "खून कोणी केला ते अजून ठरवतोय."

भाषा चांगली असते, माणूसही जिवंत असतो. क्रम तेवढा चुकलेला असतो. या प्रकारच्या कादंबरीत आधी जुन्या केसचं दप्तर उभं राहायला हवं, त्यातून अधिकाऱ्याचा डाग निघायला हवा आणि पहिलं प्रकरण त्यानंतर लिहायला हवं. खाली तोच क्रम दिला आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक केस शेवटपर्यंत सोबत ठेवली आहे.

पायरी १ : सामान जमवा

एक जाड वही घ्या, संगणकावर लिहीत असलात तरी. डाव्या पानावर खरं काय घडलं ते, उजव्या पानावर पोलिसांच्या कागदावर काय आलं ते. या दोन पानांतलं अंतर म्हणजेच तुमची कादंबरी.

गुन्ह्याच्या वर्षाचं पंचांग मिळवा. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं ग्रंथालयात चाळायला मिळाली तर उत्तमच. गुन्ह्याच्या जागी त्याच वेळेला जाऊन उभे राहा. रात्री अकराला खाडीकाठी कुठपर्यंत दिसतं, हे दुपारी चारला जाऊन कळत नाही. (सोबतीला कुणीतरी न्या. डास आणि कुत्री दोन्ही आहेत.) एक दिवस ठाण्याच्या कोर्टनाक्यावर काढा. खुल्या न्यायालयात कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. तपासी अंमलदाराची उलटतपासणी तासभर ऐकली की मालिकांमधून डोक्यात भरलेलं निम्मं आपोआप गळून पडतं.

पायरी २ : गुन्हा तुम्ही आधी सोडवा

डाव्या पानावर, जास्तीत जास्त दोन पानांत, खून कोणी, का, कसा केला ते लिहा. कोरडं लिहा, ढग नकोत.

आपली केस अशी. शनिवार, १ मार्च २००३. महाशिवरात्र, आणि त्याच दिवशी विश्वचषकात सेंच्युरियनला भारत-पाकिस्तान सामना. ऐरोलीच्या बाजूच्या एका गावठाणातला पंचविशीतला तरुण. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत (जमीन गेलेल्यांना थोडा प्लॉट परत देणाऱ्या) घराला मिळणाऱ्या प्लॉटवरून चुलतभावाशी वाद. भारत जिंकल्यावर रात्री फटाके, आरडाओरडा. त्या गोंगाटात चुलतभाऊ त्याला बंदरावर नेतो, मारतो आणि भरतीच्या पाण्यात ढकलतो. ओहोटी प्रेत समुद्राकडे नेईल हा त्याचा हिशेब. प्रेत तिवरांत अडकतं.

इथे पाण्याचा हिशेब जुळवून घ्या. खाडीकाठची जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात, की भरतीची वेळ निघते. चतुर्दशीला चौदा गुणिले पाऊण, म्हणजे साडेदहा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पहाटे पावणेपाच. हा ढोबळ अंदाज असतो. खाडीत आत जावं तशी वेळ थोडी पुढे सरकते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, यांतला फरक न कळणारा खुनी खाडीकाठचा वाटत नाही, आणि तो न कळणारा लेखक तर त्याहून नाही.

*तपासा :* दोन पानं वाचून शेजारच्याला खून समजला का? "का केला?" असं त्याने दोनदा विचारलं तर पुढे जाऊ नका.

पायरी ३ : जुनं दप्तर कागदोपत्री उभं करा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे आणि लोक हीच गाळतात. "फाइल धूळ खात पडली होती" असं एक वाक्य टाकतात आणि फाइलमध्ये काय होतं ते त्यांनाच माहीत नसतं.

कागद कुठल्या क्रमाने जन्माला येतात ते पाहा. खाडीत प्रेत सापडलं की लगेच ३०२, म्हणजे खुनाचं जुनं कलम, लागत नाही. आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, खात्याच्या बोलीत एडीआर. मग पंचांसमक्ष प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा, मग शवविच्छेदन. डॉक्टरांनी घातपात सांगितला की गुन्हा दाखल होतो आणि गु. र. नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो. त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, मुद्देमालाची पावती, कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेलेले नमुने आणि तिथून आलेला सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल. रोजच्या तपासाची केस डायरी वेगळी. आरोपी निष्पन्न झाला नाही तर शेवटी न्यायालयात तपास बंद करणारा अहवाल, 'अ' समरी, जाते, म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही. 'ब' समरी द्वेषबुद्धीने दिलेल्या खोट्या फिर्यादीसाठी आणि 'क' समरी गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या प्रकरणातून झालेल्या नोंदीसाठी असते. आलेल्या बाडांत 'केस क्लोज झाली' एवढंच असतं. क्लोज कशी झाली यावर ती पुन्हा उघडेल कशी हे ठरतं.

यांतले निदान चार कागद स्वतः, पूर्ण, सरकारी मराठीत लिहा. कादंबरीत त्यांतल्या दोन ओळीच येतील, तरीही लिहा. मयत, सदर इसम, नमूद ठिकाणी, वा. चे सुमारास ही भाषा हातात बसल्याशिवाय त्या भाषेत खोटं कसं लपतं ते दिसत नाही.

आपल्या केसमधला एक जबाब घ्या. साक्षीदार बसने उतरलेला एक कामगार, तारीख ४ मार्च २००३ :

"मी कळवा नाका येथून बेलापूर रोडने जाणाऱ्या बसने रात्री ११.०० वा. चे सुमारास ऐरोली येथे उतरून घराकडे जात असता एक अनोळखी इसम बंदराकडून येताना दिसला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती."

ओळख नाही, नाव नाही. तपास तिथेच थंडावतो आणि 'अ' समरी होते. आता पोलीस ठाण्याच्या कपाटातली याच जबाबाची प्रत पाहा. तारीख तीच, ४ मार्च २००३ :

"मी ठाणे येथून वाशीकडे जाणाऱ्या लोकलने रात्री ८.३० वा. चे सुमारास ऐरोली येथे उतरून घरी गेलो. वाटेत कोणी दिसले नाही."

ओला माणूस गायब, वेळ मागे सरकलेली. आणि लोकल! ठाणे-वाशी लोकल प्रवाशांसाठी सुरू झाली नोव्हेंबर २००४ मध्ये. मार्च २००३ ला ऐरोलीला लोकलने कोणीच उतरू शकत नव्हतं. म्हणजे हा कागद नंतर बनवला आहे. कधी? २६ जुलै २००५ च्या पुरात पोलीस ठाण्याच्या तळमजल्यावरचं दप्तर भिजलं, महिनाभराने कागद 'पुन्हा तयार' केले गेले. तोवर लोकल इतकी अंगवळणी पडली होती की बनवणाऱ्या राइटरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिक पोलिसाच्या, हातून ती सहज उतरली.

मूळ जबाब समरीसोबत आधीच न्यायालयात गेलेला होता, म्हणून तो वाचला.

*सावधान :* पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. खाली असते ती नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याची, 'समक्ष' म्हणून. 'साक्षीदाराची सही जुळत नाही' असा धागा कितीतरी बाडांत पाहिला आहे. तो पहिल्याच पानावर कोसळतो.

*तपासा :* प्रत्येक कागदासाठी एक प्रश्न विचारा, याची दुसरी प्रत कुठे आहे? न्यायालयात, रुग्णालयात, कलिनाला, मयताच्या बहिणीच्या ट्रंकेत? नायकाला वर्दी नसेल तर त्याचा तपास या दुसऱ्या प्रतींवरच चालणार आहे.

पायरी ४ : डाग नेमका कुठला ते ठरवा

'सस्पेंड' हा शब्द आपण कशालाही वापरतो. खात्यात चार वेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीत माणसाचं घर वेगळं चालतं.

निलंबित अधिकारी अजून नोकरीत असतो. त्याचे अधिकार थांबतात, पण तो पोलीस अधिकारीच राहतो. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराच्या हिशेबाने. दुसरीकडे कुठे काम करत नसल्याचा दाखला द्यावा लागतो आणि मुख्यालय परवानगीशिवाय सोडता येत नाही. म्हणजे तुमचा निलंबित नायक तपासासाठी बिनधास्त गोव्याला जाऊन आला तर तो एक नवा कसूर झाला. तो गृहीत धरून लिहा. सक्तीने निवृत्त केलेल्याला पेन्शनची आशा असते. सेवेतून काढून टाकलेला आणि बडतर्फ, दोघांचीही नोकरी जाते. बडतर्फाला पुढे सरकारी नोकरीचं दारही बंद होतं. या दोघांना दाद मागायची तर अपील आणि मग मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. मॅटच्या तारखा कादंबरीत फार उपयोगी पडतात. नायकाला ठरावीक दिवशी मुंबईत हजर राहावं लागतं, आणि नेमकी त्याच दिवशी इकडे घटना घडते.

आता मुख्य गोष्ट. डाग आणि केस एकाच कागदावर भेटले पाहिजेत. लाच घेताना पकडला गेला आणि योगायोगाने जुनी केस हाती आली, असं केलंत तर ती दोन पुस्तकं एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखी होतात. आपल्या केसमध्ये २००५ च्या त्या बनावट प्रतीवर 'खरी प्रत' असा शिक्का आहे आणि खाली सही आहे एका नव्या उपनिरीक्षकाची. मूळ न पाहता, सीनियरने समोर ठेवलेल्या गठ्ठ्यावर त्याने एका दमात पन्नास सह्या ठोकल्या. तोच आपला नायक. पुढे निरीक्षक झाल्यावर दुसऱ्याच प्रकरणात खोटा पंचनामा केला म्हणून तो बडतर्फ झाला. बायकोला, वकिलाला, आरशाला तो एकच सांगत आला आहे, की उभ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं. मयताची बहीण घेऊन आलेली प्रत त्याला सांगते, एकदाच नाही.

*तपासा :* वय जुळवा. २००५ मध्ये सव्वीस-सत्तावीसचा उपनिरीक्षक आज पंचेचाळिशी ओलांडून गेलेला आहे. मधे एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, ही पायरी आहे. ती आपल्याकडच्या पोलीस दलात असते, हिंदी मालिकांत नसते, म्हणून लेखक विसरतात.

पायरी ५ : हद्द आणि काळ

ठाण्यात गोष्ट घडवायची तर हद्दीच्या भांडणाइतकं फुकटात मिळणारं नाट्य नाही. ऐरोली पुलाच्या मुलुंड टोकाला मुंबई पोलीस, ऐरोली टोकाला नवी मुंबई पोलीस, खाडी वर कळव्याकडे गेली की ठाणे पोलीस. रुळांवर काही सापडलं तर लोहमार्ग पोलीस. ठाणे आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं. म्हणून १९९० मधल्या वाशीच्या खुनासाठी 'नवी मुंबईचे पोलीस आयुक्त' आणू नका. तसंच १ ऑगस्ट २०१४ च्या आधी पालघर जिल्हा नव्हता. डहाणूही ठाणे जिल्ह्यातच होतं.

कायद्याचं भान सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम १०३ झालं. पण २००३ च्या खुनाला ३०२ च लागतं, नायक आज तपास करत असला तरी. नवं-जुनं एकत्र आल्यावर जुन्या हवालदाराच्या तोंडी '३०२' आणि नव्या उपनिरीक्षकाच्या तोंडी '१०३' हा गोंधळ छान रंगतो. तो ठेवा.

मोबाइलच्या बाबतीत सांभाळून. मार्च २००३ मध्ये इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते थांबले मे महिन्यापासून. मिस्ड कॉल ही तेव्हा एक भाषाच होती. आणि वीस वर्षांपूर्वीचे कॉल रेकॉर्ड आज कंपनीकडून मिळत नाहीत. तेव्हा मागवून दप्तरात लावले असतील तरच आहेत. सीसीटीव्हीचा प्रश्नच नको.

पायरी ६ : धागे उलट्या बाजूने पेरा

शेवटच्या उलगड्यापासून मागे या. लोकलचा धागा उलगडतो समजा अठराव्या प्रकरणात. मग तो जबाब वाचकाला पाचव्या प्रकरणात अख्खा वाचायला द्या, लोकलसकट, आणि लगेच दुसरं काहीतरी घडवा. अकराव्यात नायक ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटावर वाशीच्या गाडीची वाट पाहत उभा राहू दे. शेजारचा म्हातारा म्हणू दे, "ही गाडी नव्हती तेव्हा आम्ही बेलापूर रोडने दीड-दीड तास लटकत जायचो." बस्स, एवढंच. सालाचा उल्लेख नको. ज्याला पकडायचं तो वाचक पकडेल, आणि जो पकडणार नाही तो अठराव्यात पानं उलटून पाचव्याकडे जाईल. हा मागे जाणारा हात म्हणजे तुमची कमाई.

*सावधान :* उलगडा ज्यावर उभा आहे तो कागद वाचकापासून लपवू नका. नायकाने पाकीट उघडलं, आतलं वाचून त्याचा चेहरा पांढरा पडला आणि प्रकरण संपलं, ही लबाडी आहे. एकदा माफ होते, दुसऱ्यांदा पुस्तक खाली ठेवलं जातं.

पायरी ७ : आता पहिलं प्रकरण

पहिल्या पानावर नायकाची उदासी नको. बहिणीच्या हातातली प्लास्टिकची पिशवी आणि त्यातली प्रत येऊ दे. त्याची दारू, घटस्फोट, गुडघेदुखी हळूहळू कळू द्या. लग्न मोडणं सक्तीचं नाही, हेही सांगून ठेवतो. शिकवण्या घेऊन घर चालवणारी आणि रोज रात्री त्याच्याशी नीट बोलणारी बायको मला तरी जास्त भीतिदायक वाटते.

संबोधनांवर मेहनत घ्या. वर्दी गेली हे वर्णनाने सांगायची गरज नाही. जुना हवालदार अजून 'साहेब' म्हणतो, पण आवाज खाली आणून. ज्याला त्याने शिकवलं तो एपीआय आता आडनावाला 'राव' लावतो. कॅन्टीनचा पोऱ्या 'काका' म्हणतो. बहीण पहिल्या भेटीत 'साहेब', सही कुणाची ते कळल्यावर 'तुम्ही', आणि एकदाच, रागात, 'तू'. आगरी बोली वापरायची तर बेताने, 'पानी', 'काला', 'मासली' एवढ्या उच्चारांवरही माणूस ओळखू येतो. सबंध संवाद बोलीत लिहिण्याआधी त्या गावातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. ते हसले तर कशाला हसले ते विचारा.

आणि 'ठाणे अंमलदार' म्हणजे ठाण्याचा अधिकारी नव्हे. पोलीस ठाण्यात टेबलावर बसून नोंद घेणारा तो, नागपुरातही असतो. हसू नका, ही चूक छापून आलेली पाहिली आहे.

पायरी ८ : कबुली

बहुतेक बाडं इथे घसरतात. खुनी सगळं बोलून टाकतो आणि संपलं. पण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसंच होतं, नव्या साक्ष्य अधिनियमातही तसंच आहे. आता चौथ्या पायरीकडे परत जा. नायक निलंबित असेल तर तो अजून पोलीस अधिकारी आहे. चुलतभाऊ त्याच्यापुढे कितीही बोलला तरी त्यावर उभं राहता येत नाही. तो बडतर्फ असेल तर तो साधा नागरिक. त्याच्यापुढची कबुली न्यायालयात मांडता येते. न्यायालय अशा कबुलीला दुबळा पुरावा मानतं आणि जोड मागतं, पण दार उघडं असतं. नायक ज्या हुकुमाविरुद्ध मॅटमध्ये भांडतोय, तोच हुकूम या एका रात्रीपुरता त्याच्या कामाचा आहे. निकाल उद्या लागणार असेल आणि कबुली आज रात्री मिळणार असेल, तर शेवटची तीस पानं मीही एका बैठकीत वाचेन.

ती जोड कुठून आणायची? मूळ जबाबातल्या कामगाराकडून, तो हयात असेल तर. राइटरकडून, तो बोलला तर. आणि त्या दोन प्रतींमधून. पण प्रती सिद्ध करायच्या म्हणजे नायकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागणार, 'ही सही माझी आहे, आणि मी मूळ पाहिलं नव्हतं.' ते वाक्य तो बोलतो की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या हातातलं बाड असेल तर मी तिथे थांबेन, निकालाचं प्रकरण लिहिणार नाही.

छपाईला देण्याआधी

आठवडाभर बाड बंद ठेवा. मग फक्त तारखा, वार, तिथी आणि वाहनं यांच्यासाठी एकदा वाचा, गोष्टीत न रमता. दुसऱ्या वाचनात फक्त कोण कोणाला काय हाक मारतं ते पाहा. पोलीस ठाण्याचं नाव, इमारत, प्लॉट नंबर खरे वापरले असतील तर बदला. अधिकाऱ्यांची आडनावं त्या भागात त्या काळी असलेल्या कुणाशी जुळत नाहीत ना, तेही पाहा.

पाऊस हवाच असेल तर १ मार्चच्या रात्री पाडू नका, मार्चात ठाण्यात घामच पडतो. २६ जुलैला हवा तेवढा पाडा.